डिमर बसवू की बल्बच बदलू? हॉलमधल्या १४ स्पॉटलाइटचं करंट बिल

पत्र असं आलंय:

"नमस्कार दादा. आम्ही शहापूरला राहतो. २०१३ ला घर बांधलं तेव्हा हॉलला पीओपी करून घेतलं आणि त्यात १४ स्पॉटलाइट बसवले, बारके, पिवळे, ५० वॅटचे, लई गरम होणारे. आधी पाहुणे आले की तेवढ्यापुरते लावायचो. आता मुलगी-जावई नातवंडांना घेऊन इथेच राहायला आलेत, संध्याकाळी सहा ते अकरा सगळे हॉलमध्येच असतात आणि सगळे लाइट एकाच बटणावर आहेत. कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत आमचं शून्य बिल यायचं, आमची मर्यादा १७६ युनिटची आहे. आता चार महिने झाले २०० च्या वर जातंय, मागच्या महिन्यात २२४ झाले आणि पूर्ण बिल भरावं लागलं. वायरमन म्हणतो डिमर लावा, लाइट कमी ठेवला की करंट कमी. जावई म्हणतात एलईडी टाका, त्यांनी दोन आणून लावले पण ते लुकलुकताहेत. शेजारचे काका म्हणतात पंख्याचा रेग्युलेटर लावा, तोच डिमर. रात्री टीव्ही बघताना मंद लाइट पाहिजे हे मात्र आहे. काय करू? — एक ताई, शहापूर, बेळगाव"

ताई, तुमच्याकडं तीन माणसांचे तीन सल्ले आलेत आणि गंमत म्हणजे तिघंही थोडेथोडे बरोबर आहेत. खरं बिलाच्या हिशोबानं बघायचं तर जावयांचं ऐका, बाकी दोघांना चहा पाजून पाठवा. का ते सांगतो, जरा आकडेमोड आहे, कंटाळू नका.

१४ गुणिले ५० म्हणजे ७०० वॅट. सहा ते अकरा पाच तास, म्हणजे रोज साडेतीन युनिट. महिन्याचे १०५. तुमच्या २२४ मधले जवळजवळ निम्मे युनिट नुसते हॉलच्या छतातून जातायत बघा, आणि आपण बसतो फ्रीज जुना झाला काय, गिझर जास्त चालतो काय ते शोधत. तुमचे ते पिवळे, गरम होणारे बल्ब म्हणजे हॅलोजन, त्यात जाणाऱ्या विजेतला साधारण नव्वद टक्के भाग उष्णता होऊन जातो, उजेड म्हणून हाती लागतं ते उरलेलं. म्हणजे एप्रिल-मेमध्ये डोक्यावर शेगडी पेटवून तिच्याखाली पंखा फुल्ल सोडून बसल्यासारखं झालं, दोन्हीचे पैसे आपणच भरायचे.

आता वायरमनचं म्हणणं. डिमर लावून उजेड कमी केला की करंट कमी लागतो, हे चूक नाही. जुन्या काळचे ते मोठ्या डब्यातले रेग्युलेटर असायचे त्यात वीज आतल्या तारेतच जळून जायची, डबा हाताला चटका देईल इतका तापायचा, तसं आताच्या डिमरमध्ये होत नाही. आताचा डिमर विजेच्या प्रत्येक लाटेचा थोडा थोडा भाग कापतो, त्यामुळं बल्बला वीजच कमी पोचते आणि डिमरमध्ये वाया जाते ती फार थोडी. इथपर्यंत वायरमन पास. खरं तो एक गोष्ट सांगत नाही, किंवा त्याला कुणी सांगितलेली नाही. हॅलोजनचा उजेड निम्मा केला तर वीज निम्मी होत नाही, ती साधारण ७२ टक्के राहते. कारण आतली तार थंड पडली की ती आणखी लालसर होते आणि उजेडाऐवजी नुसती ऊब द्यायला लागते. म्हणजे अर्धा उजेड घालवून तुम्ही वाचवणार पाव-सव्वापाव वीज. महिन्याच्या १०५ मधले २९-३० युनिट, ते पण पाचही तास अर्ध्या उजेडात बसलात तर. नातवंडं अभ्यासाला बसली की डिमर फुल्ल करावाच लागणार, म्हणजे तेवढे पण नाहीत.

आणि आपले डोळे अजून एक फसवाफसवी करतात. डोळ्याला "निम्मा झाला" असा वाटणारा उजेड मोजायला गेलं तर पावच्या आसपास असतो. तिथपर्यंत खाली आणलं तेव्हा कुठं हॅलोजनची वीज निम्म्यावर येते. तेवढ्या उजेडात टीव्ही बघता येतो, गप्पा मारता येतात, तांदूळ निवडता येत नाहीत.

डिमरचा एक फायदा मात्र कबूल करायला पाहिजे, हॅलोजन थोडा जरी मंद चालवला तरी त्याचं आयुष्य बरंच वाढतं. खरं करंट खाणारी वस्तू जास्त वर्षं जगवून आपल्याला काय मिळणार?

काकांच्या रेग्युलेटरबद्दल जरा दमानं सांगतो कारण हे आपल्याकडं सर्रास चालतं, मी कितीतरी घरात बघितलंय. गोल गोल सलग फिरणारा जो इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर येतो तो आतून डिमरचा चुलतभाऊच आहे, म्हणून काकांचं अगदीच चूक म्हणता येत नाही. खरं तो पंख्यासाठी बनवलाय, शंभर वॅटच्या आसपासच्या लोडसाठी. त्याच्यावर ७०० वॅट टाकले तर बोर्डातच जळणार, आणि तो पीव्हीसीचा बोर्ड भिंतीत आणि भिंतीवर पडदा. दुसरा जो टकटक करत एक-दोन-तीन-चार असा फिरतो त्यात कपॅसिटर असतात, तो मोटरसाठीच ठीक, एलईडीच्या ड्रायव्हरला (एलईडीला लागेल तशी वीज करून देणारं सर्किट) तो जोडला तर ड्रायव्हर धड चालत नाही नाहीतर तापून मरतो. तेव्हा दोन्ही नकोत. वायरमन जो डिमर आणणार आहे त्यावर पण किती वॅटचा ते लिहिलेलं असतं ते वाचा, बरेच डिमर ४००-४५० वॅटचे येतात आणि तुमचा लोड ७०० चा आहे, म्हणजे तो सुद्धा तुमच्या कामाचा नसण्याची शक्यता जास्त.

आता जावयांचे लुकलुकणारे एलईडी. ते बल्ब खराब नाहीत हो, दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. एक काम करा, मेन एमसीबी बंद करा, लाइट चांगले गार होऊ द्या (हॅलोजन बंद केल्यावर पण बराच वेळ पोळतो), मग एक जुना बल्ब बाहेर काढून त्याची खालची बाजू बघा. सुईसारख्या दोन बारीक पिना असतील आणि बल्बवर १२ व्ही ५० डब्ल्यू असं लिहिलेलं असेल तर तो एमआर सिक्स्टीन, आणि त्याच्यामागं छतात एक बारकी डबी असणार, आपले वायरमन तिला चोक म्हणतात, खरं तो २३० चे १२ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर आहे. पिना जाड, टोकाला टिकली असलेल्या आणि फिरवून बसणाऱ्या असतील तर तो जीयू टेन, थेट २३० वर चालणारा, त्यात डबी नसते. तुमचे एलईडी लुकलुकतायत म्हणजे बहुतेक पहिला प्रकार.

त्या डबीवर बारीक अक्षरात २०-६० डब्ल्यू असं काहीतरी छापलेलं असतं. जास्तीत जास्त ६० हे सगळे वाचतात, खरं त्यातला २० चा अर्थ असा की किमान २० वॅटचा लोड खाली असल्याशिवाय ती डबी नीट चालू राहत नाही. जावयांनी तिथं ५ वॅटचा एलईडी लावला, डबीला वाटतं खाली काही जोडलेलंच नाही, ती चालू होते, बंद होते, परत चालू होते, आणि तुम्हाला वर लुकलुक दिसते. यात आणखी बोर्डात डिमर घातला असता तर डिमर, डबी आणि एलईडी तिघं तीन दिशेला ओढले असते आणि वायरमन आठवड्याला तुमच्या दारात.

म्हणून एमआर सिक्स्टीन असेल तर नुसता बल्ब बदलू नका, डबीसकट सगळं काढून टाका आणि २३० वर चालणारा अख्खा एलईडी स्पॉट बसवा, सीओबी म्हणून मागितलं की दुकानात दाखवतात, त्याचा ड्रायव्हर त्याच्याबरोबरच येतो. जीयू टेन असेल तर मात्र काम सोपं, होल्डर तोच ठेवून नुसता एलईडी बल्ब फिरवून बसवायचा.

अख्खा स्पॉट घ्यायला जाताना एक काम विसरायचं नाही, जुना स्पॉट खाली काढून पीओपीला पडलेलं भोक टेपनं मोजून घ्या, आणि सगळी मोजा, कारण पीओपीवाल्यानं हातानं कापलेली भोकं सगळी सारखी असतील याची काय गॅरंटी नाही. खोक्यावर कटआउट किती ते मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. नवीन स्पॉटची बाहेरची रिंग भोकापेक्षा मोठी आणि आतला डबा भोकापेक्षा लहान असं पाहिजे. हे चुकलं की मग पीओपीवाला बोलवा, तो पांढरं फासणार, ते पांढरं जुन्या रंगाशी जुळणार नाही, मग रंगारी बोलवा, आणि गणपतीच्या तोंडावर घरात ओला रंग.

वॅट बघून एलईडी घेऊ नका, ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप बघा. ५० वॅटच्या जीयू टेन हॅलोजनचा उजेड साधारण साडेतीनशे ल्युमेन असतो (एमआर सिक्स्टीनचा त्याहून जास्त), साडेतीनशे ५-६ वॅटच्या चांगल्या एलईडीत येतो. रंगासाठी २७०० ते ३००० केल्विन असं लिहिलेलं बघा, त्यालाच वॉर्म व्हाइट म्हणतात, तुमच्या हॅलोजनसारखाच पिवळसर. दुकानदार ६५०० चा पांढराफटक पुढं करेल, जास्त उजेड पडतो म्हणेल, हॉलमध्ये तो दवाखान्यासारखा दिसतो, माझं तरी मत असंच आहे, ज्याला आवडतो त्यानं लावावा. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ८० च्या वर असू दे, साड्यांचे रंग धड दिसावेत असं वाटत असेल तर ९० चा मागा. आणि आपल्याकडं पावसाळ्यात करंट जातो-येतो, येताना झटका देऊन येतो, त्यात एलईडीचे स्वस्तातले ड्रायव्हर पटापट मरतात, तर खोक्यावर सर्ज प्रोटेक्शन लिहिलेलं आणि बीआयएसचं मार्किंग असलेला घ्या, वॉरंटीची पावती जपा.

आता मला विचाराल तर १४ च्या १४ एलईडी करायची पण गरज नाही. त्या वेळी पीओपीची नवीन हवा होती, कॉन्ट्रॅक्टर दिसेल त्या कोपऱ्यात एक भोक पाडून ठेवायचा, कुणी विचारायचं नाही कशाला. स्पॉटचा उजेड सरळ खाली झोतासारखा पडतो, त्याच्याखाली पोरं वही घेऊन बसली की डोक्याची सावली अक्षरांवर. अभ्यासाला स्पॉट नव्हेच. भिंतीला एक २० वॅटची एलईडी ट्यूब लावा, साधारण दोन हजार ल्युमेन मिळतात, म्हणजे जीयू टेनच्या पाच-सहा हॅलोजनच्या एकत्र उजेडाइतका, आणि तो सगळीकडं पसरतो. सहा ते नऊ ट्यूब, अभ्यास झाला की बंद. स्पॉट फक्त आठ ठेवा, उरलेल्या सहा भोकांना झाकण मिळतं ते लावा.

हिशोब बघा. ट्यूब तीन तास म्हणजे ०.०६ युनिट, आठ स्पॉट ६ वॅटचे पाच तास म्हणजे ०.२४. रोज ०.३, महिन्याला ९ युनिट. १०५ च्या जागी ९! २२४ मधून १०५ गेले, ९ आले, राहिले १२८.

आणि इथं गृहज्योतीचा मुद्दा येतो, तो नीट समजून घ्या कारण खरा पैसा तिथंच आहे. तुमची १७६ ची मर्यादा आली ती २०२२-२३ च्या सरासरीवर दहा टक्के वाढवून. तेवढ्यात राहिलात तर बिल शून्य. १७६ च्या वर गेलात खरं २०० च्या आत राहिलात तर फक्त वरच्या युनिटांचे पैसे. २०० ओलांडले की पूर्ण बिल, पहिल्या युनिटापासून. म्हणजे नुसता डिमर लावून उजेड निम्मा ठेवला तरी फार तर १९५ पर्यंत खाली आला असता, १९ युनिट भरत बसला असता, आणि एखाद्या महिन्यात लग्नाची पाहुणेमंडळी आली की परत २०० च्या वर. एलईडी केलेत तर १२८, मर्यादेच्या खाली भरपूर जागा, मिक्सर-इस्त्री थोडी जास्त चालली तरी हेस्कॉमचं (आपल्या वीज कंपनीचं) बिल शून्यच.

राहिला रात्रीचा मंद लाइट. एलईडी केल्यावर डिमरनं वीज वाचते का, तर वाचते, उजेडाबरोबर जवळजवळ तेवढ्याच प्रमाणात कमी होते, हॅलोजनसारखी लबाडी नाही. खरं वाचवायला उरलंय काय? आठ स्पॉट मिळून ४८ वॅट, ते दोन तास निम्मे केले तर महिन्याला दीड युनिट. तेव्हा एलईडीला डिमर हा डोळ्यांसाठी, बिलासाठी नव्हे, एवढं मनात धरून मग ठरवा.

सगळ्यात स्वस्त रस्ता म्हणजे बटणं वेगळी करा. आठातले तीन टीव्हीच्या मागच्या बाजूचे एका बटणावर, पाच दुसऱ्यावर. पाइपमधून एक वायर जास्तीची ओढावी लागते, पाइपमध्ये जागा असेल तर तासाभराचं काम, नसेल तर वायरमन तोंड वाकडं करेल. टीव्हीच्या वेळी तीनच लावायचे, मंद लाइट झाला.

दुसरं, स्टेप डिमिंगचे एलईडी मिळतात, साध्या बटणावरच चालतात, एकदा बंद-चालू केलं की कमी, परत केलं की आणखी कमी. डिमर लागत नाही. फक्त सगळे एकाच कंपनीचे एकाच मॉडेलचे घ्या, नाहीतर चार मंद आणि चार लख्ख असा तमाशा होतो.

आणि खराखुरा फिरवायचा डिमरच पाहिजे असं वाटत असेल तर तो पण होतो, त्याला पथ्य आहे. स्पॉटच्या खोक्यावर डिमेबल असं स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, साध्यापेक्षा ते महाग पडतात. साधा एलईडी डिमरवर टाकला तर त्याचा ड्रायव्हर उजेड तेवढाच ठेवायला धडपडतो, कापलेल्या लाटेतून हिसके देऊन करंट ओढतो, गुणगुणतो, लुकलुकतो आणि एक दिवस जातो. डिमर ट्रेलिंग एज (लाटेचा मागचा भाग कापणारा) प्रकारचा मागा, एलईडीला तो जुळतो, हॅलोजनच्या जमान्यातले जुने बहुतेक लीडिंग एज (पुढचा भाग कापणारे) असतात. आणि परत तोच किमान लोडचा प्रश्न, डिमरवर कमीत कमी ६० वॅट लिहिलं असेल आणि तुमचे स्पॉट मिळून ४८, तर लुकलुक परत घरात आलीच. दुकानातच एक स्पॉट त्या डिमरला जोडून खाली-वर करून दाखवायला सांगा, मोबाइलचा कॅमेरा उजेडाकडं धरा, स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले तर दुसरा दाखव म्हणा. एक स्पॉट जोडून मिनिमम लोडचं नीट कळत नाही, तेवढं डिमरवरचं वाचूनच घ्यायचं. आणखी एक, हॅलोजन मंद केला की तो जसा केशरी होत जातो तसं साध्या एलईडीचं होत नाही, रंग तोच राहतो, नुसता कमी होतो. काही जणांना ते फिकट वाटतं.

काम करताना वायरमनला एक सांगून ठेवा, बटणावर फेज (करंट असलेली वायर) घे, न्यूट्रल (परतीची) नको. हॅलोजनला ते चालून गेलं असेल, कळलं पण नसेल, खरं एलईडी बंद केल्यावर रात्री काजव्यासारखे मिणमिणत राहतात ते बऱ्याच वेळा यामुळंच, नाहीतर बटणात बारीक लाल इंडिकेटर असतो त्यामुळं. न्यूट्रलवर बटण असलं की लाइट बंद दिसतो आणि होल्डरमध्ये करंट असतोच, स्टुलावर चढून बल्ब बदलणाऱ्याला ते महागात पडतं. छत उघडलंच आहे तर धातूचे स्पॉट असतील त्यांची अर्थिंग बघून घ्या, आणि डब्यांजवळ वायरचं कव्हर तापून काळं, कडक झालं असेल तर तेवढा तुकडा बदलायला लावा, दहाएक वर्षं हॅलोजनच्या डोक्यावर बसलेली वायर आहे ती.

इन्व्हर्टरचं तुम्ही विचारलं नाही, तरी लिहितो. हॉलचे लाइट इन्व्हर्टरवर असतील तर १५० एएचच्या एका बॅटरीवर ७०० वॅट दोन तास सुद्धा धड चालत नाहीत. जुलैत झाड पडून लाइन गेली की तुम्हाला हा अनुभव आला असणारच. आठ एलईडी त्याच बॅटरीवर रात्रभर चालतात, वर एक पंखा पण निघतो.

आधी एक बल्ब काढून पिना बघा आणि दोन ओळी लिहून कळवा, एमआर सिक्स्टीन की जीयू टेन. तोपर्यंत वायरमनला डिमरचा ॲडव्हान्स देऊ नका.